झबल्याचा कागद

लालबागच्या आमच्या चाळीत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या अंगावर पहिलं कापड चढलं ते माझ्या आईच्या मशीनवरून उतरलेलं. त्यातले काहीजण आता पोट सुटलेले गृहस्थ आहेत. जिन्यात भेटले की वाकून वगैरे नमस्कार करतात, आणि ते पुढे गेले की आई मला हळूच सांगते, "ह्येचा टोपडा माका दोनदा उसवूचा लागला. टकला मोठा होता." त्या माणसाचं काय शिक्षण झालं, तो कुठल्या कंपनीत आहे, बायको काय करते, यातलं तिला काही ठाऊक नसतं. डोक्याचं माप मात्र पक्कं लक्षात असतं.

झबली, टोपडी, दुपटी, लंगोट हा तिचा धंदा. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा या मशीननं घर चालवलं. माझी आणि धाकट्या भावाची शिक्षणं झाली, लग्नं झाली, वडील गेले, आणि मशीन चालूच राहिलं. मी लग्न होऊन दादरला आले, फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला चिकटले. भाऊ विरारला ब्लॉक घेऊन राहिला. दोघांचं बरं चाललंय. पण आईनं आमच्याकडून कधी एक पैसा घेतला नाही. दिवाळीला साडी नेली तर त्याच आठवड्यात माझ्या घरी सुरमई यायची, साडीच्या किमतीची. विजेचं बिल तिचं, औषध तिचं, भजनी मंडळाची वर्गणी तिची. "माझा मी बगतंय," हे तिचं वाक्य. आम्ही त्यावर हसायचो, कारण तोपर्यंत ते खरं होतं.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी तिनं तो पदराखाली लपवला. मग चहा बशीत सांडायला लागला तेव्हा तिनं बशीच बंद केली आणि स्टीलच्या पेल्यातून प्यायला लागली. मी तिला ओढून परळच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, समजूतदार होती. कंपवात आहे म्हणाली. गोळ्या दिल्या. हळूहळू वाढत जाईल, पण एकदम काही होणार नाही, असंही म्हणाली. "शिवणकाम किती दिवस जमेल?" आईनं एवढंच विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, "जमेल तोवर करा, पण आता आराम करायला काय हरकत आहे? मुलं आहेत ना." आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते वाक्य त्या बाईला शिकवून आणलं होतं.

भाऊ त्याच रविवारी आला. म्हणाला, आई, आता बास, चल विरारला, नाहीतर मी दर महिन्याला पैसे पाठवतो. मी म्हटलं, मीही देते, आणि वरकामाला बाई लावू. आई भाकरी थापत होती. भाकरी परातीत वाकडीतिकडी होत होती आणि तिला ते दिसत होतं. ती म्हणाली, "पोरांच्या पैशावर जगूचा असता तर गिरणी बंद झाली तेवाच तुमका कामाक लावलं असतं." भावानं विषय तिथंच सोडला. पण रात्री घरी जाताना मला नीट कळलं होतं की तिच्या पोटात कशाची भीती आहे. हात थांबले की तिची स्वतःची कमाई थांबणार, आणि ती थांबली की ही बाई आमच्या दारात येऊन बसणार, आणि ते तिला जिवंतपणी मेल्यासारखं होणार. मला रागही आला आणि रडूही आलं. माझा राग आणि माझं रडू नेहमी हातात हात घालूनच येतात, माझ्या नवऱ्याला विचारा.

तेव्हा माझ्या ऑफिसात सगळ्यांना एकच खूळ लागलं होतं: पॅसिव्ह इन्कम. जेवणाच्या सुट्टीत जो तो मोबाइलवर कुणातरी हिंदी बोलणाऱ्या माणसाचे व्हिडिओ बघत बसायचा. चकचकीत कोट घातलेला तो गृहस्थ सांगायचा की ऑनलाइन बाजारात एकदा माल लावा, मग तुम्ही हात हलवायची गरज नाही, पैसे आपोआप येतील. माझा असल्या लोकांवर काडीचा विश्वास नाही. ज्याला बसल्या जागी पैसे मिळतात तो दिवसभर व्हिडिओ कशाला बनवत बसेल? पण 'हात हलवायची गरज नाही' हे शब्द माझ्या कानाला चिकटले. कारण मला नेमकं तेच हवं होतं. इतरांना आळस करायचा होता म्हणून. मला आईचे हात थांबणार होते म्हणून.

तर मी कामाला लागले. विक्रेता म्हणून नाव नोंदवायचं, पॅनकार्ड चढवायचं, आईच्या नावानं बँकेचं खातं जोडायचं, यात माझे बरेच शनिवार गेले. आईच्या झबल्यांचे फोटो काढायला मी लालबागच्या बाजारातून पांढरा कार्डपेपर आणला आणि गॅलरीत उन्हात पसरला. चाळीतल्या बायका जमल्या. एक म्हणाली झबल्यात नारळ घालून फोटो काढ, म्हणजे भरल्यासारखं दिसेल. मी काढला. खरंच छान आला.

आईला हे सगळं बघून गंमत वाटत होती. "कोण घेतला ह्या?" हे विकत घेणार कोण, असं ती दहादा म्हणाली. आणि पहिली ऑर्डर आली तेव्हा तिनं पार्सलात झबल्याबरोबर वेखंडाची एक पुडी टाकली, बाळाला लागतं म्हणून. कुरिअरवाला तीन जिने चढून यायचा, त्याला पाणी आणि लाडू मिळायचा. तो आमची चाळ दिवसातली शेवटची ठेवायला लागला, म्हणजे निवांत बसता येईल. ऑर्डरी फार नव्हत्या, पण येत होत्या. आई जपून, सावकाश शिवत होती. डावा हात उजव्यावर दाबून धरायची युक्ती तिनं शोधून काढली होती.

आणि मग एक दिवस त्या साइटवर एका बाईनं लिहिलं: 'वापरलेलं कापड! नवजात बाळासाठी जुन्या चिंध्या विकता, लाज वाटत नाही? वर शिलाईसुद्धा उलटी. फसवणूक आहे.' सोबत फोटो. त्यात आईचं झबलं, आणि झबल्याच्या कडेला नऊवारीचा विटलेला काठ अगदी स्पष्ट.

मी ऑफिसातच होते. कान लाल झाले. पण खरं सांगते, पहिली काही मिनिटं मला ती बाई काय म्हणतेय तेच कळेना. कापड जुनं असणारच की! आमच्यात बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालतच नाहीत. नवं कापड टोचतं, त्याला खळ असते. पहिलं झबलं शिवायचं ते जुन्या सुती साडीचं, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या. तीही कुणाची? भरल्या घरातल्या, पिकल्या वयाच्या बाईची, म्हणजे तिचं आयुष्य बाळाला लागतं. आईच्या ट्रंकेत अशा साड्यांचा साठाच होता. चाळीतल्या म्हाताऱ्या आपल्या हातानं आणून द्यायच्या, आई त्या उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची. आणि शिलाई बाहेरून, कारण आतून असली तर तिची कड बाळाच्या काखेत घासते. हे सगळं मला इतकं पाठ होतं की माल लावताना फॉर्ममध्ये 'नवीन' या शब्दापुढे टिक करताना माझा हात अडखळलासुद्धा नाही. झबलं नवीनच होतं ना. साडी जुनी होती.

साइटवाल्यांना ही तत्त्वचर्चा पटण्यासारखी नव्हती. त्यांनी त्या बाईचे पैसे परत केले आणि आमचा सगळा माल खाली उतरवला. मी संध्याकाळी लालबागला जाऊन आईला वाचून दाखवलं. वाटलं होतं तिला लागेल. ती नुसती थक्क झाली.

"नवीन कापड पोराक टोचता गो. तिका कोणी सांगूक नाय?"

"आई, तिला वाटलं तू चिंध्या विकतेस."

"मगे तिच्या घरातली साडी पाठव म्हणून सांग तिका. परकी साडी नको तर आपली घे."

मी म्हटलं, अशी कोण साडी पाठवतंय! पण रागाच्या भरात मी साइटवाल्यांना भलंमोठं पत्र लिहिलं, त्यात बारशाची पद्धत, खळ, काख, सगळं आलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. तेच पत्र मग मी दुसऱ्या एका साइटवर, जिथं हातानं केलेल्या वस्तू विकतात, मालाच्या वर्णनात जसंच्या तसं चिकटवलं आणि शेवटी आईचं वाक्य घातलं: 'परकी साडी नको असेल तर तुमच्या घरातली पाठवा, आम्ही शिवून देऊ.'

आणि लोकांनी पाठवल्या.

पहिली आली ती ठाण्याहून, आजेसासूची. मग एक कोल्हापूरची. एक साडी बेंगळुरूहून आली, तिला अजून कापराचा वास होता. प्रत्येक साडीबरोबर चिठ्ठी किंवा फोन असायचा. आजी कशी होती, काय खायची, कुणाला ओरडायची. आई साडी मांडीवर घेऊन ते सगळं ऐकायची आणि मगच कात्री उचलायची. मी इतकी खूश होते की ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. तो कोटवाला जे म्हणत होता ते हे नव्हतं, हे मला कळत होतं. आईचे हात पूर्वीपेक्षा जास्तच हलत होते, दोन्ही अर्थांनी म्हणा. गोळ्यांनी फरक पडत होता, पण दुपारनंतर नाही. आणि साड्या तर येतच होत्या. ट्रंकेवर थप्पी लागली.

नाशिककडच्या एका मुलीनं साडी पाठवली होती. तिला आई नव्हती, आजीनं वाढवलं होतं, आणि आजी नुकतीच गेली होती. मुलीला सातवा महिना. साडी एकच उरली होती तिच्याकडे, जांभळी, बारीक ठिपक्यांची. आई त्या दिवशी दुपारी कापायला बसली. मी नेमकी रजेवर होते, तिच्यासमोर चटईवर लसूण सोलत होते. कात्री सरळ चालली होती, आणि मग आईचा हात एकदम उडाला. कात्री तिरकी आत गेली, पदराच्या मधोमध, हातभर.

आईनं कात्री खाली ठेवली. ती चीर तिनं दोन बोटांनी जुळवून पाहिली. मी घाईघाईनं म्हणाले, अगं, जोडता येईल, पट्टी लावू, तिला कळणारसुद्धा नाही.

"तिका कळाक व्हया," आई म्हणाली. "फोन लाव."

"मी सांगते ना तिला."

"तू कापलंस काय? लाव फोन."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. आई एरवी फोनवर ओरडून बोलते, त्या दिवशी हळू बोलली. "बायो, तुझ्या आजीची साडी माझ्याकडसून वाकडी कापली गेली. माझो हात थरथरता. तुका आधी सांगूक व्हया होता, मी सांगूक नाय."

पलीकडे ती मुलगी रडायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर मी तरी काही बोलले असते. रडणाऱ्या बाळंतिणीला, होऊ घातलेल्या का असेना, काय बोलणार? आईनं तिला रडू दिलं. मग विचारलं, "मशीन आसा तुझ्याकडे?"

"आजीचं आहे," मुलगी म्हणाली. "पण मला नाही येत. मी कधी बसलेच नाही त्यावर."

"येतला. पदर गेलो, पण बाकीची साडी धड आसा. मी साडी परत धाडतंय, आणि माझो कागद धाडतंय. कागद साडयेवर ठेव, कडेन कडेन काप. मगे फोन कर."

कागद म्हणजे तिचा झबल्याचा कागद. खाकी, तेलकट, कडा मऊ पडलेल्या. त्यावरून तिनं आयुष्यभर झबली कापली. गळा कुठे, काख कुठे, बंद कुठे लावायचे, सगळं त्यावर पेन्सिलीनं खुणावलेलं. मूळ कागद ती देईना, देऊही नये, म्हणून मी गणेश टॉकीजच्या बाजूच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रत काढली आणि साडीबरोबर कुरिअर केली.

पुढचा आठवडाभर आई फोनवर होती. ती मुलगी विचारायची, ही सांगायची. "दोरो सैल सोड. अगो, पायान जोर नको काढू, नुसतो पाय ठेव." मधूनच ओरडायची, मधूनच हसायची. मी तिला इतकं बोलताना वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. आणि मग फोटो आला. जांभळं झबलं. गळा एका बाजूला ओढलेला, एक बाही दुसरीपेक्षा मोठी. आईनं चष्मा पुसून पुसून पाहिलं. "गळपट्टी उसव म्हणून सांग तिका," म्हणाली, आणि मग लगेच, "नको. रवांदे. पयला आसा."

त्या मुलीनं शेवटी विचारलं, कागदाचे किती पैसे देऊ? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला तो तेव्हा.

साडी लोकांकडे असते. मशीन, सुईदोरा, सगळं असतं किंवा मिळतं. नसतो तो कागद. आणि कागद पाठवायला ना कात्री लागते ना स्थिर हात. स्कॅन करून एकदा बाजारात लावला की ज्याला हवा तो पैसे भरून आपल्या घरी उतरवून छापून घेईल. ना पार्सल, ना कुरिअर. कागद एक, आणि तो कितीही वेळा विकला तरी संपत नाही. मी आईला हे सांगितलं आणि वाट बघितली की ती खूश होईल. ती भडकली.

"कागदाचे पैशे? चाळीतल्या कितीजणींका मी तो फुकट दिलंय!"

"चाळीतल्यांना दे अजून. बाहेरच्यांकडून घेऊ."

"आणि मी काय करतलंय? बसान खातलंय? हात हलवल्याशिवाय पैशे घेऊचे म्हणजे भीक ती."

आता माझं टाळकं सटकलं. मांडीवरचं तांदूळ निवडायचं सूप बाजूला ढकलून मी उभीच राहिले. म्हटलं, गावाला आपल्या वाडीत फणस कोणी लावला? पणजोबांनी. गरे कोण खातं? आपण. दर मे महिन्यात तू गोणी भरून मुंबईला आणतेस, तेव्हा तुला भीक वाटत नाही? तो कागद तू एका दिवसात काढलास का? किती पोरांच्या काखा बघून, किती टोपडी उसवून तो तसा झालाय! आता तो फणस झाला, आई. खा की गरे!

मी ओरडत होते, शेजारची दारात येऊन उभी राहिली होती. आई ट्रंकेकडे तोंड करून बसली. रुसली असं वाटून मी पाणी प्यायला गेले. तेवढ्यात मागून म्हणाली, "फणसाकय पाणी घालूचा लागता."

"मग घाल. लोकांना शिवताना अडलं की तू सांग. ते तुझं पाणी."

तिनं मान डोलावली नाही, पण ट्रंक उघडून टोपड्याचा कागदही काढून माझ्यासमोर ठेवला.

पुढे जे झालं त्यात चमत्कार नाही. मी कागद स्कॅन केला, आईनं सांगितलं तशी कृती लिहिली, मराठीत आणि माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत. तिची पहिलीच सूचना अशी होती: 'साडी धुऊन आपल्या गालाला लावून बघा. टोचली तर ती बाजूला ठेवा.' दुसरी: 'ज्या बाईची साडी आहे तिची आठवण काढा, मग कापा.' मी म्हटलं, दुसरी शिवणकामाची सूचना नाही. ती म्हणाली तू लिही. लिहिली.

पहिल्यांदा कागद घेणाऱ्या बाईनं दोन दिवसांत कळवलं की झबलं बाहुलीला बसतंय. तिच्या प्रिंटरनं कागद आपल्या मनानं लहान करून छापला होता. आई पोट धरून हसली. मग मी कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला आणि लिहिलं, हा आधी पट्टीनं मोजा, मगच साडीला हात लावा. त्यानंतर तशी तक्रार आली नाही. पुढचे कित्येक दिवस काहीच घडलं नाही. मग एक विक्री झाली. मग एकाच दिवशी तीन. कुणीतरी गरोदर बायकांच्या कुठल्याशा ग्रुपवर सांगितलं असावं, कारण एकाएकी लांबलांबून लोक घ्यायला लागले. दुबई, कॅनडा, आणि एक नाव तर मला नकाशात शोधावं लागलं. तिकडे आपली माणसं साड्या घेऊन गेलीत आणि त्या कपाटात पडून आहेत, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आईला सगळ्यात नवल याचंच वाटलं की तिच्या कागदाला पासपोर्ट लागला नाही.

शंका विचारायला ठरावीक वेळ ठेवलीय. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई फोन समोर ठेवून बसते, मी शंका वाचून दाखवते, ती उत्तरं सांगते. मी ऑफिसातून थेट लालबागला उतरते आणि मग दादरला जाते, नवरा कुरकुरतो, पण तोही आता 'आज कुठला देश?' म्हणून विचारतो. ज्या दिवशी कुणाला शंका नसते त्या दिवशी आई खट्टू होते. पैसे तर त्या दिवशीही येतात. हे मात्र तिला अजून पूर्ण पटलेलं नाही. तिला वाटतं साइटवाले कधीतरी परत मागतील.

त्या कोटवाल्याला मी थोडं माफ केलंय. तो सांगतो तितकं सोपं नाही, आणि आपोआप तर काहीच होत नाही. पण आईच्या नावानं दर महिन्याला काहीतरी जमा होतं, ती आजारी असली तरी होतं, आणि जेवढं होतं तेवढ्यात तिचं भागतं. यापलीकडे मला काय हवं होतं?

मशीनवर ती आता बसत नाही. ट्रंकेवरच्या साड्या तिनं कागदाच्या प्रतीसह ज्यांच्या त्यांच्याकडे परत धाडल्या. शेवटचं झबलं शिवलं ते शेजारणीच्या नातीच्या बाळाचं, त्याला फार वेळ लागला. ते देऊन आल्यावर तिनं मशीनला तेल घातलं, सुई काढून ठेवली, वर टॉवेल टाकला. मी घाबरून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "भूक लागली. काय तरी वाढ." मी इतकी मोकळी झाले की मलाही तेव्हाच भूक लागली.

थरथर वाढलीय. वेणी घालता येत नाही, भाकरी थापता येत नाही. भावानं आणि मी परत विचारलं, वरकामाला बाई लावू का, पैसे आम्ही देऊ. नको म्हणाली. मग दिवाळी झाल्यावर एक दिवस मला कळलं की तिनं खालच्या मजल्यावरच्या एका बाईशी परस्पर बोलून टाकलंय. सकाळी येऊन आंघोळीला पाणी काढणार, वेणी घालणार, दोन भाकऱ्या थापणार. किती द्यायचे तेही ठरलं होतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बरं झालं, पैसे मी देते तिला. "तू कित्याक?" आई म्हणाली. "माझे आसत मां."

महिना भरला त्या रविवारी मी तिथंच होते. आईनं आदल्या दिवशी मला तिच्या खात्यातून पैसे काढून आणायला लावले होते. सकाळी आंघोळ झाली, त्या बाईनं वेणी घातली, आणि आईनं ते पैसे देवापुढे ठेवले. हळदकुंकू वाहताना बोट थरथरून कुंकू सगळ्या देव्हाऱ्यात सांडलं. वडील पगार आणायचे तेव्हा तो आधी देवापुढे ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. मी म्हटलं, "आई, हा तिचा पगार आहे, तुझा नाही. देवापुढे ती ठेवेल तिच्या घरी."

"तुझ्या बापाशीन पगार हाडल्यान, तू हाडतंस," आई म्हणाली. "माका कोणी कधी पगार दिल्यान नाय. आता मी देतंय."

तिनं नोटा उचलून त्या बाईपुढे धरल्या. हात जोरजोरात हलत होता, नोटा फडफडत होत्या, आणि तिनं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला नाही. मी गॅलरीकडे तोंड फिरवलं. बाईनं पैसे कपाळाला लावले, कमरेला खोचले आणि विचारलं, "उद्या भाकरी की चपाती, मावशी?"

"भाकरी," आई म्हणाली. "आणि आठाक ये. उशीर चलाचो नाय."